हात मागं ठेवून

काकासाहेब औताडे यांच्या वाळूजच्या कारखान्यात घरघंट्या तयार होतात. घरघंटी म्हणजे घरातली छोटी गिरणी. कमरेइतक्या उंचीचं कपाट, वरून ज्वारी नाहीतर गहू ओतायचे, बटण दाबायचं आणि खालच्या डब्यातून पीठ काढून घ्यायचं. 'पिठोरी' हे नाव काकासाहेबांच्या बायकोनं सुचवलेलं. बिडकीनला मळणीयंत्रं दुरुस्त करता करता काकासाहेब या धंद्यात आले होते आणि माल त्यांनी कायम चांगलाच काढला. तरीही कंपनीच्या तक्रारीच्या फोनला दिवसभर उसंत नसायची.

"गिरणी चालूच होईना."

"पीठ जाड यायलंय."

"सगळ्या घरात पीठ उडालं, पोरं भुतावानी दिसायलेत."

मेकॅनिक मोटरसायकलला किक मारून पळायचे, आणि निम्म्याहून जास्त घरांमध्ये काहीच बिघडलेलं नसायचं. गिरणीचं दार नीट लागलेलं नसायचं, एवढंच. दार पक्कं लागल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये, कुणाचं बोट आत जाऊ नये, म्हणूनच तर ती गिरणी तशी बनवली होती. कुणी बारीक पिठाच्या जाळीऐवजी रव्याची जाळी बसवलेली असायची. कुणी धुतलेले गहू नीट न वाळवताच आत ओतलेले असायचे.

हे किती दिवस चालायचं, असं म्हणून काकासाहेबांनी तनुजा हिवराळेला नोकरीवर घेतलं. तनुजा उस्मानपुऱ्यातली. पुण्याला एका कॉल सेंटरमध्ये ती नव्या मुलांना शिकवायची. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा घेऊन घरी आली आणि मग परत गेलीच नाही.

"पोरी, मिस्तऱ्यांनाबी शिकव आन् गिऱ्हाइकालाबी," काकासाहेब म्हणाले. "दिवाळीच्या आत. भाजणी दळायला लागले की लोक आपल्याला जगू देत नाहीत."

सर्व्हिस विभागाचा प्रमुख अभय काळे शेजारीच बसला होता. त्याच्याकडे दोन मोबाईल होते आणि दोन्ही वाजत होते. "शिकवा मॅडम," तो म्हणाला, "फक्त माझी पोरं तुमच्या वर्गात बसल्यावर हे कुणी उचलायचे, तेवढं सांगा."

तनुजानं मन लावून तयारी केली. पडद्यावर दाखवायला चित्रं केली, प्रत्येक भागाला बाण काढून त्याचं नाव लिहिलं. ग्राइंडिंग चेंबर, इंटरलॉक, फिल्टर असेंब्ली. मेकॅनिक हॉलमध्ये बसले. पंखा होता, अंधार होता, दुपारी समोसे होते. शेवटी परीक्षा झाली, त्यात सगळे पास झाले. सगळ्यांचा फोटो काढला, तो काकासाहेबांनी केबिनमध्ये लावलासुद्धा.

तक्रारी होत्या तितक्याच राहिल्या.

अभय तसा वाईट माणूस नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तो एवढंच म्हणाला, "मॅडम, समोसे चांगले होते."

तनुजाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्कूटी काढली आणि ती फकिराच्या मागोमाग निघाली.

फकिरा दाभाडे हा कंपनीचा सगळ्यात जुना मेकॅनिक, करमाडकडचा. गिरणीच्या कपाटाला कान लावून तो आतलं दुखणं ओळखायचा. बोलायचा मात्र फार कमी. पहिलं घर उस्मानपुऱ्यातच होतं, तनुजाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मोनाली पठाडे नावाची बाई घरून जेवणाचे डबे चालवायची. भाकऱ्या थापायची वेळ झाली होती आणि पीठ नव्हतं, म्हणून ती दारातच उभी होती.

"या दादा, या. जीव टांगणीला लागला होता."

फकिरानं तिला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं. तो गिरणीसमोर असा उकिडवा बसला की त्याच्या पाठीमुळे पलीकडचं काही दिसेना. काहीतरी टक् वाजलं, मोटर घुमली.

"झालं," फकिरा उठून म्हणाला.

मोनालीनं चहा ठेवला. बशीत खारी काढली. "दादांच्या हातालाच गुण आहे बघा ताई," ती तनुजाला म्हणाली. "आमचे हे सकाळपासून खटपट करत होते. दादांनी हात लावला की चालू."

"काय केलं हो त्यांनी?" तनुजानं विचारलं.

"काय माहीत! आपल्याला काय कळतंय त्यातलं."

फकिरा चहाच्या कपात बघून हसला.

बाहेर आल्यावर तनुजानं त्याला विचारलं, "बिघडलं काय होतं?"

"काय नाय. दार लागलं नव्हतं."

"मग तिला सांगितलं का नाही? ती पुढच्या आठवड्यात परत फोन करेल."

"करू द्या की. आपुन येतोच." फकिरानं हेल्मेट चढवलं. "मॅडम, मी या घरात गेलो की माणसं कशी खूष व्हतात, पाहिलं ना? सांगत बसलो तर त्यात काय मजा?"

त्या दिवशी ती त्याच्याबरोबर आणखी चार घरी गेली आणि सगळीकडे तेच बघितलं. माणूस कामचुकार मुळीच नव्हता. तिन्हीसांजेपर्यंत न थकता फिरला. पण प्रत्येक घरात त्याची वाट बघणारं कुणीतरी होतं, आणि ते त्याला गमवायचं नव्हतं. आपल्या चित्रांमध्ये याच्यासाठी कुठेच बाण नव्हता, हे तनुजाच्या लक्षात आलं.

त्यात भर पडली घरी. कंपनीनं सवलतीत दिलेली एक घरघंटी हिवराळ्यांच्या स्वयंपाकघरात आली होती. तनुजाची आई गीताबाई तिच्यावर क्रोशाचा रुमाल घालून, वर फुलदाणी ठेवून, रोज दळण घेऊन कोपऱ्यावरच्या गिरणीत जायची. रविवारी सकाळी तनुजानं फुलदाणी उतरवली आणि आईला सगळं समजावून दिलं. अगदी सावकाश, एकेक गोष्ट दाखवून. गीताबाईनं प्रत्येक वाक्याला मान डोलावली.

"कळलं?"

"कळलं की."

"मग आता तू कर."

गीताबाईनं दोन्ही हात पदरात घेतले. "मी नाय बाई. बिघडलं म्हंजी?"

"बिघडलं तर बिघडू दे."

"काय म्हणलीस?"

"बिघडू दे, म्हटलं. मी दुरुस्त करते. मुद्दाम बिघडव."

गीताबाईनं आधी दाराकडे बघितलं, नवरा ऐकत नाही ना म्हणून. "या घरात बिघडू दे म्हणणारी तू पहिलीच गं. तुझे बाबा टीव्हीच्या रिमोटलासुद्धा हात लावू देत नाहीत, सेल उतरतील म्हणून." आणि मग, चोरी करावी तसं, तिनं एक बोट पुढं करून गिरणीचं दार उघडलं. मोटर बंद होती, तरी ती दचकली. मग तिनं दार लावलं. पुन्हा उघडलं. जाळी काढली, उलटी घातली, "आता?" म्हणून तनुजाकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरून खुदकन हसली. तासाभरात तिनं गिरणी इतक्या तऱ्हांनी बंद पाडली की तनुजालाच घाम फुटला. पण प्रत्येक वेळी ती चालूही तिनंच केली.

सोमवारी तनुजा काकासाहेबांसमोर उभी राहिली. "मला दोन मशिन्स पाहिजेत. मोडायला."

"मोडायला?"

"टेम्पोत पोचे पडून परत आलेल्या चालतील."

काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अभय," ते म्हणाले, "हिला दे. समोशापेक्षा स्वस्त पडंल."

नव्या वर्गात पडदा नव्हता. मधोमध गिरणी, भोवती मेकॅनिक. तनुजानं खेळ सांगितला. एकानं गिऱ्हाईक व्हायचं आणि गिरणीत गुपचूप काहीतरी करून ठेवायचं. दुसऱ्यानं मेकॅनिक व्हायचं, पण हात मागं ठेवून. गिरणीला हात लावायचा तो गिऱ्हाइकानंच. मेकॅनिकनं फक्त विचारायचं आणि सांगायचं. कुणाला हात आवरले नाहीत तर म्हणून ते रुमालानं बांधायचे.

पोरांना मजा वाटली. राजकुमार नावाचा एक नकल्या मेकॅनिक होता, तो डोक्यावर टॉवेल घेऊन गिऱ्हाईक झाला. मेकॅनिकच्या जागी सगळ्यांनी फकिराला ढकललं.

"अवो दादा," राजकुमार बारीक आवाजात म्हणाला, "माझी गिरणी रुसली वो!"

फकिरानं नुसतं बघूनच ओळखलं होतं काय झालंय ते. "ते... त्याच्या आतलं ते हे घे. ते वर कर. वर म्हंजी तसं नाय, खाली. आरं त्याच्या मागलं!"

"कशाच्या मागलं वो दादा? माझ्या?"

हॉल हसला. फकिराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सरक तिकडं, मी करतो," म्हणून तो पुढं झाला, तर हात बांधलेले. तोल जाऊन गिरणीवरच आदळला. आता तर कुणाला हसू आवरेना. तनुजाही हसली.

फकिरानं हिसका देऊन रुमाल सोडवला. "म्या मिस्तरी हाय, मास्तर नाय," तो म्हणाला. "सोंग काढायला दुसरा बघा." आणि निघून गेला.

तनुजा त्याच्यामागे पार्किंगपर्यंत पळत गेली, पण गाडी फाटकाबाहेर पडली होती. दुसऱ्या दिवशी तिनं त्याची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या मॅडम, तुमचं काम तुम्ही करा," तो म्हणाला. वर्गाला मात्र आला नाही. बाकीचे शिकत होते, अडखळत का होईना बोलायला लागले होते. अभयला काळजी भलतीच होती. "ऐन दिवाळीत हा माणूस दुसऱ्या कंपनीत गेला, तर मी काय करायचं?"

फकिरा कुठे गेला नाही. दिवाळी तोंडावर आली असताना तिसगाव फाट्याजवळ रस्त्यावरच्या खडीवरून त्याची गाडी घसरली. खरचटण्यापलीकडे अंगाला काही झालं नाही, पण उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घालून तो तिसऱ्या दिवशी कंपनीत हजर झाला.

"घरी बसा की," अभय म्हणाला.

"घरी बसून काय करू? बायको म्हणती, निस्तं बसायचं तर तिकडं बसा."

अभयनं त्याला फोनवर बसवलं. काम सोपं होतं. नाव-पत्ता विचारायचा, मोकळा असेल त्या मेकॅनिकला पाठवायचं. पण भाजणीचे दिवस होते, मोकळा कुणीच नव्हता. राजकुमार तर सिल्लोडला गेला होता. आणि साडेदहाच्या सुमाराला मोनालीचा फोन आला.

"दादा, तुमचाच आवाज ना? बरं झालं. फराळाच्या ऑर्डरी घेतल्यात मी, चकल्यांची भाजणी भाजून ठेवलीय, आणि ही परत बंद पडली. तुम्हीच या."

"मी यिऊ शकत नाय ताई. हात मोडलाय."

"अगं बाई! कसा?" तिनं सगळं विचारून घेतलं. "मग आता?"

"आता... ते खालचं ते नाय का? त्याला जरा... ते जरा हे करा."

"कुठलं खालचं?"

"ते हो. समोरच हाय."

"समोर तर सगळंच आहे दादा."

थोडा वेळ असंच चाललं. शेवटी, "राहू द्या, मी गिरणीतूनच दळून आणते," असं म्हणत मोनालीनं फोन ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि फकिराला तेच जास्त झोंबलं.

तनुजा कंपनीतल्या आपल्या खोलीत बसली होती. दार वाजलं. फकिरा उंबऱ्यावरच थांबला.

"मॅडम, तो हात बांधायचा खेळ परत घेता का?" त्यानं प्लास्टर वर केलं. "माझा एक तर बांधलेलाच हाय."

तनुजाला हसू आलं, आणि यावेळी फकिराही हसला.

दोघं हॉलमध्ये गेले. तनुजा गिरणीसमोर बसली. फकिराला तिनं खुर्ची उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून बसवलं, फोनवर असल्यासारखं. "तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच मी करणार."

"जाळी काढा," फकिरा भिंतीला म्हणाला.

काहीच आवाज येईना.

"काढली?"

"नाही. हात जात नाही. दार बंद आहे."

"आवो, मग दार उघडा की!"

"तुम्ही कुठं सांगितलंत?"

फकिरानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती शाळेतल्या पोरीसारखी मांडीवर हात ठेवून बसली होती. "दार उघडा," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, "नाय. आधी भिंतीवरचं बटन बंद करा. मंग दार उघडा."

"हां. आता कसं!"

दुपारपर्यंत ते तसेच बसले. तनुजानं त्याला सवय लावली की आधी समोरच्याला काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते विचारायचं आणि उत्तर आल्याशिवाय पुढं जायचं नाही. कॉल सेंटरमध्ये ती हेच शिकवायची. शब्दांच्या बाबतीत मात्र दोघांनाही मेहनत करावी लागली. इंटरलॉक म्हटलं तर बायकांना कळेना आणि 'ते हे' म्हटलं तरी कळेना. मग इंटरलॉकचं 'दाराची कडी' झालं. चेंबरला 'गिरणीचं पोट' म्हणायचं ठरलं. जाळ्यांना नंबर होते, ते कुणाच्याच लक्षात राहत नसत. तनुजा म्हणाली, त्यांना भाकरीची जाळी, रव्याची जाळी, भरड्याची जाळी म्हणू या. फकिरा म्हणाला, मग रंगही लावू, म्हणजे विचारायलाच नको. तनुजानं आपल्या पडद्यावरच्या चित्रांमधली जुनी नावं त्याच संध्याकाळी पुसली.

पण त्याआधी, जेवणही न करता, फकिरानं मोनालीला फोन लावला.

"ताई, दळून आणलं का?"

"निघतेच आहे आता. का हो?"

"थांबा जरा. गिरणीपाशी जा. फोन मोठा करून वट्ट्यावर ठेवा. आधी भिंतीवरचं बटन बंद करा. केलं? मोठ्यानं सांगा."

"केलं."

"आता दार उघडा. पुन्हा लावा. टक् असा आवाज आला का?"

"नाही आला."

"नाय आला तर दार लागलं नाय. कडीच्या खाचेत बोट फिरवा. काय लागतंय बोटाला?"

"अय्या, पीठ! चिकटून गोळा झालाय."

"कोरडा ब्रश घ्या, पाणी लावायचं नाय. काढा. सावकाश काढा, घाई नाय. आता लावा दार."

हॉलमध्ये फोनमधून टक् ऐकू आलं. तनुजानं मूठ वळली.

"आता बटन."

मोटर घुमली आणि मोनाली ओरडली. नवऱ्याला हाक मारली, सासूला हाक मारली. "दादा! मी चालू केली! दादा, ऐकू येतंय का? मीच केली!"

"येतंय की," फकिरा म्हणाला. त्यानं फोन ठेवला आणि डाव्या हातानं कपाळ पुसलं. "मॅडम, घरी न जाताच खूष झाले की हो!"

त्यानंतर त्याला फोनवरून उठवणं मुश्किल झालं. रंगवलेल्या जाळ्यांची नवी गिरणी नेलेल्या रोशन गेटच्या एका बाईचा फोन आला, तर गडी दख्खनीत सुरू झाला. "आपा, पैले बटन बंद करो. अब दरवाजा खोलो. कौन से रंग की जाली है? लाल? लाल तो रवे की है आपा, आटा मोटा ईच आयेगा. सफेद डालो." अभय शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याच्या हातातल्या दोन मोबाईलपैकी एकही वाजत नव्हता, म्हणून तो पुन्हा पुन्हा बघत होता की बॅटरी तर उतरली नाही ना.

आता गिऱ्हाइकांचा वर्ग राहिला होता. औरंगपुऱ्यात कारभारी अण्णांचं दुकान होतं. पिठोरीचा सगळ्यात जास्त माल तिथून जायचा. दिवाळीआधीच्या रविवारी तिथं वर्ग घ्यायचा ठरला. तनुजानं कल्पना सांगितली तेव्हा अण्णांनी कपाळावर हात मारला.

"गिऱ्हाइकांदेखत मशीन बिघडवणार? आवो ताई, मी इथं इकायला बसलोय!"

"बिघडवणार तेच, अण्णा. आणि चालूही तेच करणार."

रविवारी दुकानासमोरच्या गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. जुनी गिऱ्हाइकं आली, नवी आली, आणि आकाशकंदील घ्यायला निघालेले काही जण गर्दी बघून आत शिरले. मेकॅनिक हात मागं ठेवून रांगेत उभे राहिले. बायकांनी आधी लांबूनच बघितलं. गोजरबाई नावाच्या एक वयस्क बाई चिकलठाण्याहून मुलाबरोबर आल्या होत्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं, "मला नगं शिकवू. ल्योक हाय चालू करायला."

"आणि लेक ड्युटीवर गेला म्हंजे?" हे विचारलं मोनालीनं. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तीच आली होती, चकल्यांचा डबा घेऊन. "मावशी, मी पण अशीच होते. माझ्याकडून बंद पडली की मी देवाला दिवा लावायचे. या इकडं. ही मोडायलाच ठेवलीय. मोडा."

"मोडू?"

"मोडा बिनधास्त."

गोजरबाईंनी मुलाकडे बघितलं, मग पदर खोचला आणि जाळी उपसून काढली. पाच मिनिटांनी त्या खाली बसून गिरणीच्या पोटात डोकावत होत्या आणि हात मागं धरून उभा असलेला राजकुमार त्यांना विचारत होता, "आज्जी, टक् वाजलं का?"

"आरं, तुझ्या बोलण्यात ऐकू तर यिऊ दे!" गोजरबाई म्हणाल्या, आणि दुकानभर हशा पिकला.

गीताबाईही आली होती. शेजारच्या एका बाईला "जयभीम" घालून ती तिच्या कानात सगळ्या युक्त्या सांगत बसली. घरी तिची गिरणी आता रोज चालते. फक्त रविवारचं दळण ती अजून कोपऱ्यावरच्या गिरणीतच नेते. तिथं बायका भेटतात, गप्पा होतात, आणि त्याला कुठलीही घरघंटी पुरी पडणार नाही, हे तनुजानंही मान्य केलं आहे.

त्या दिवाळीत फोन वाजले, वाजायचेच. पण मेकॅनिकना धावावं लागलं ते खरोखर बिघडलेल्या गिरण्यांसाठी. अभय लक्ष्मीपूजनाला घरी पोचला तेव्हा उजेड होता. त्याच्या बायकोनं आधी कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते पाहिलं. काकासाहेबांनी नियमच करून टाकला की घेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं उघडून, बंद पाडून, चालू करून दाखवल्याशिवाय गिरणी दुकानातून हलायची नाही. आणि मेकॅनिक कुणाच्या घरी गेला, तर शेवटचं बटण त्या घरच्या माणसानंच दाबायचं. कारभारी अण्णा आधी कुरकुरले. मग त्यांनी स्वतःच रविवारचा वर्ग चालू ठेवला, कारण वर्गाला आलेली माणसं रिकाम्या हातानं परत जात नव्हती.

फकिराचं प्लास्टर निघालं तेव्हा अभयनं त्याला गाडीची किल्ली दिली. फकिरानं ती घेतली, पण एक अट घातली. सकाळी घरं, दुपारनंतर शिकवणं. तनुजाच्या खोलीत आता दुसरी खुर्ची आहे. दोघांची भांडणं होतात. तिला वाटतं फकिरा पाल्हाळ लावतो, त्याला वाटतं ती परीक्षा फार घेते. गावोगावी बचत गटांच्या बायकांना शिकवायचं काम निघालं, तेव्हा दोघं मिळूनच निघाले.

पहिलाच वर्ग पैठणला एका समाजमंदिरात होता. सगळी मांडणी झाली आणि तनुजानं नेहमीचं वाक्य म्हटलं, "ही गिरणी तुमची आहे असं समजा, आणि आम्हाला ओळखू येणार नाही अशी बिघडवून दाखवा." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वच्छलाबाई नावाच्या एक धिप्पाड बाई उठल्या. "थांबा जरासं," म्हणून घरी जाऊन आल्या. त्यांच्या ओच्यात काय आहे ते कुणाला दिसलं नाही. फकिरा आणि तनुजा नियमाप्रमाणे पाठ करून उभे होते.

"झालं," वच्छलाबाई म्हणाल्या. "करा आता चालू."

फकिरानं हात मागं घेतले. "मावशी, आधी सांगा, काय दिसतंय?"

"काय दिसंना."

"दार लावलं, टक् वाजलं?"

"वाजलं."

"जाळी कुठली?"

"पांढरीच हाय. म्या काय येडी हाय का?"

फकिरानं तनुजाकडे बघितलं. तनुजानं खांदे उडवले. "मग दाबा बटण," ती म्हणाली.

वच्छलाबाईंनी बटण दाबलं. गिरणी एकदा गुरगुरली, थरथरली, पोटातून खडाड् खडाड् असा आवाज काढून थांबली. आणि पिठाच्या डब्याच्या फटीतून पिवळ्याधमक धुराळ्याचा असा लोट निघाला की पुढच्या दोन रांगा त्यात गडप झाल्या. वच्छलाबाईंनी गिरणीत मूठ-मूठ हळकुंडं ओतली होती.

धुराळा खाली बसला तेव्हा सगळ्या पिवळ्या झाल्या होत्या. तनुजाचा पांढरा कुडता पिवळा, फकिराच्या मिशा पिवळ्या. कुणीतरी मागून लग्नातली हळदीची ओळ सुरू केली, आणि बघता बघता सगळ्या टाळ्या धरून गायला लागल्या. वच्छलाबाई मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आला का वळखू?" त्यांनी विचारलं.

"नाय आला," फकिरा डोळे चोळत, हसत म्हणाला. "लई भारी बिघडवली मावशी. ह्यो बिघाड आम्ही पहिल्यांदाच पाहतोय." त्यानं भिंतीवरचं बटण बंद करायला सांगितलं आणि मांडी घालून गिरणीसमोर बसला. "आता बसा इथं माझ्यापाशी. उघडा दार. मलाबी बघायचंय आत काय झालंय ते."

बायका गाणं थांबवून पुढं सरकल्या आणि वच्छलाबाईंनी दार उघडलं.